मॉडेमचा डबा, खिशातला रिमोट आणि आमचे २,५४,८८० रुपये

दोन लाख चोपन्न हजार आठशे ऐंशी. पंप मोबाइलवरून चालवणारा कंट्रोलर म्हणून एका भामट्याने आमच्या सोसायटीच्या गळ्यात रिकामा डबा मारला, त्यात गेलेले हे पैसे. ८४ फ्लॅटनी भागलं तर घरटी ३,०३४ रुपये. हा भागाकार आमच्या सोसायटीतल्या बहुतेक सगळ्यांनी मला एकदा तरी करून दाखवलाय. कुणी लिफ्टमध्ये, कुणी भाजीच्या गाडीपाशी, एकाने तर हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर. "बँकेत होतात ना हो तुम्ही?" हे वर. होते. कॅशमध्ये होते, कर्जखात्यात होते. आमच्या बँकेत डब्याच्या आतल्या वायरी तपासायला शिकवत नव्हते.

मी पुण्यातल्या एका तीन विंगच्या सोसायटीची सचिव. आमचे पंप बघणारे मामा गावी गेले, आणि त्यानंतर नळाला पाणी आलं की पंप चालू करायचा कुणी, यावरून रोज तंटे. वरची टाकी एकदा वाहिली ती थेट बी विंगच्या जिन्यातून खाली आली. तेव्हा कमिटीतल्याच एकाने हा माणूस आणला. सूट, टॅब्लेट, गळ्यात आयकार्ड. "ताई, मोबाइलवरून अख्खी बिल्डिंग चालवा." पंप, जिन्यातले दिवे, जनरेटर, टाकीची पातळी, सगळं एका कंट्रोलरवर. त्यात मॉडेम, मॉडेममध्ये सिम, सिमवरून माहिती सर्व्हरला आणि तिथून आपल्या फोनवर.

असे कंट्रोलर खरे असतात आणि नीट चालतात, हे आधी सांगते. टाकीत फ्लोट (पाण्यावर तरंगणारा स्विच) किंवा सेन्सर, त्याची वायर कंट्रोलरला, कंट्रोलरमधला रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, पंप चालू-बंद करणाऱ्या स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरला, आणि बाहेरच्या जगाशी बोलायला मॉडेम. यात काही जादू नाही. म्हणून तर विश्वास बसला. सोन्याची वीट दाखवली असती तर मी त्याला गेटबाहेर काढलं असतं.

कोटेशन १,८६,००० रुपयांचं. त्यावर १८ टक्के जीएसटी ३३,४८०, एकूण २,१९,४८०. ऑर्डरबरोबर ६० टक्के म्हणजे १,३१,६८८, बसवल्याच्या दिवशी उरलेले ८७,७९२. शिवाय "क्लाउड आणि सिम"चे वर्षाचे १४,१६०. सगळे पैसे चेकने आणि एनईएफटीने दिले, कमिटीचा ठराव आहे, तीन कोटेशनं फाइलला आहेत. बाकीची दोन महाग होती. आता मला शंका आहे की ती दोन्हीही त्यानेच कुठून तरी पाठवली असावीत, कारण एका स्पेलिंगची चूक तिन्हींत सारखी आहे. हे ऑडिटरने दाखवलं. माझ्या लक्षात आलं नव्हतं, आणि कमिटीतल्या इतर दहा जणांच्याही आलं नव्हतं, हे त्या दहा जणांनी कृपया लक्षात ठेवावं.

आता त्या दिवसाकडे येते. रात्री झोप लागली नाही की मी तोच दिवस उगाळत बसते.

पंपरूम आमच्या तळघरात. डबा भिंतीवर बसला. दाराला काच, काचेमागे एक बारका लाल दिवा भराभर लुकलुकत होता, सेकंदाला एकदा तरी. मी विचारलं, हा सारखा का लुकलुकतोय? तो म्हणाला, "ताई, फोरजी आहे. नेट फास्ट म्हणून दिवा फास्ट." आणि मी मान डोलावली! आता मला ठाऊक आहे. आमच्या डब्यात मॉडेम म्हणून जे मॉड्यूल निघालं ते सिम८००, २जीवालं. त्याच्या नेटवर्कच्या दिव्याचं गणित उत्पादकाच्या कागदपत्रांत सरळ छापलेलं असतं. साधारण तीन सेकंदांनी एकदा मंद चमकला तर नेटवर्क मिळालंय. सेकंदाच्या आत एकदा चमकत राहिला तर मॉड्यूल अजून नेटवर्क शोधतंय. म्हणजे तो दिवा माझ्या तोंडावर ओरडून सांगत होता की मला टॉवर सापडत नाही, आणि मी त्यालाच स्पीड समजून चहा मागवला.

मग डेमो. आम्ही सहा जण वर पार्किंगमध्ये. त्याने माझ्याच हातात फोन दिला, म्हणाला दाबा. मी दाबलं. खालून पंपाचा आवाज आला. टाळ्या. बंद दाबलं, बंद झाला. त्याच्याबरोबर एक पोरगा होता, विशीतला. जिन्याच्या तोंडाशी उभा, पूर्ण वेळ उजवा हात पँटच्या खिशात. मला ते दिसलं होतं. मनात आलंसुद्धा की काय हा, मोठ्या माणसांसमोर खिशात हात घालून उभा राहतो. शिस्त खटकली, त्यापलीकडचं काही सुचलं नाही. खिशात रिमोट होता. गेट उघडायला असतो तसला, ४३३ मेगाहर्ट्झवाला. मी फोनवर दाबलं की तो खिशात दाबायचा. सहा जणांपैकी एकालाही वाटलं नाही की याला बाजूला घ्यावं आणि मग दाबून बघावं. यात निवृत्त इंजिनियर दोन. मी एकटीच बाई, पण हल्ली सगळी बोटं माझ्याकडेच.

कुणीही असा डेमो दिला तर त्याच्या सगळ्या माणसांना गेटबाहेर बसवा आणि आपला माणूस पंपरूममध्ये उभा करा. मग बटण दाबा. मग सिम काढून दाबा. सिम काढल्यावरही पंप चालू झाला तर विक्रेत्याला तिथेच धरून ठेवा.

पुढचे महिने "चाललं" कसं, हाही प्रश्न मला विचारतात. पंप रोज सकाळी ६.०५ आणि संध्याकाळी ५.३० ला चालू व्हायचा, आणि फोनवर मेसेज यायचा: पंप चालू, टाकी ४१ टक्के. थोड्या वेळाने: पंप बंद, टाकी ९६ टक्के. नळाचं पाणी त्याच सुमारास येतं, त्यामुळे टाकी खरंच भरायची. मध्येच अ‍ॅपवर कुणी बटण दाबलं तर "कमांड पाठवली" असं यायचं आणि होत काहीच नसे. त्याला फोन केला की "तळघरात रेंज नाही ताई, गच्चीवर अँटेना आणि वेगळा मॉडेम घ्यावा लागेल." ३६,००० अधिक जीएसटी, ४२,४८०. निम्मे आगाऊ, २१,२४०. दिले. तळघरात रेंज नसते हे खोटं आहे का? माझा स्वतःचा फोन तिथे लागत नाही. पटण्यासारखंच कारण होतं. गच्चीवर एक अँटेना आली, तिची केबल डक्टमधून खाली आली. उरलेलं "मटेरियल कस्टममध्ये अडकलं".

फुटलं ते गुरुवारी. पुण्यात महापालिकेचं पाणी दुरुस्तीसाठी बंद असतं ते बहुधा गुरुवारीच, हे शाळकरी पोरांनाही पाठ आहे. त्या गुरुवारीही दिवसभर पाणी बंद. खालची टाकी कोरडी. आणि ६.०५ ला मेसेज: पंप चालू, टाकी ४१ टक्के. नंतर: टाकी ९६ टक्के. कशाने भरली, गंगा अवतरली की काय! आमचा साडेसात एचपीचा ओपनवेल पंप, त्याची मोटर भोवतालच्या पाण्यानेच थंड राहते. ती कोरड्यात फिरत राहिली आणि जळली. जादा करंट आला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले का पडला नाही म्हणून विचारणाऱ्यांसाठी: कोरड्यात पंपावर भार नसतो, करंट उलट कमी होतो, ओव्हरलोड त्याला काय पकडणार? त्यासाठी वेगळं ड्राय रन प्रोटेक्शन लागतं, म्हणजे पाणी नसेल तर पंप बंद करणारी सोय, जी आमच्या कोटेशनमध्ये चौथ्या ओळीत होती. रिवाइंडिंगचे ११,४०० आणि तीन टँकरचे ४,८००, हे वरच्या आकड्यात धरलेले नाहीत.

मोटर काढायला आलेल्या वायरमनने डबा उघडला आणि हसला. मला आजही तो हसला त्याचाच जास्त राग आहे. आत एक घड्याळवाला टायमर, इलेक्ट्रिक सामानाच्या तपकीर गल्लीत कुठल्याही दुकानात मिळतो तसला. एक रिमोटचा रिसीव्हर. आणि दिवा लुकलुकवायला ते २जी मॉड्यूल. त्यात सिम होतं जिओचं. जिओ २०१६ साली सुरू झालं तेच फोरजीवर, त्यांच्याकडे २जी नाहीच. म्हणजे हे मॉड्यूल त्या सिमवर जन्मात कधी लागलंच नसतं. टाकीतल्या फ्लोटची वायर ग्लँडमधून, म्हणजे डब्याला वायरीसाठी असलेल्या बुचातून, आत आलेली आणि तिथेच कापलेली. गच्चीवरून आलेल्या अँटेनाच्या केबलचं टोक डब्याच्या आतल्या बाजूला टेपने चिकटवलेलं. टेपसुद्धा हलकी. मेसेज रोज ठरल्या वेळी कुठल्या तरी कॉम्प्युटरवरून सुटत होते, आमच्या पंपाशी त्यांचा काही संबंध नव्हता.

सिम कुणाच्या नावावर आहे हे आम्ही विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा. सिम सोसायटीच्या नावावर हवं, नाहीतर मोबाइल कंपनीशी तुमचं नातं शून्य. मॉड्यूलवर १५ आकडी आयएमईआय, म्हणजे त्याचा ओळख नंबर असतो, तो केवायएम लिहून, एक जागा सोडून, १४४२२ वर एसएमएस केला की कुठल्या बनावटीचं आहे ते कळतं. फोनसाठी असलेली सोय आहे, पण नंबर तो नंबरच.

आणि जीएसटी. बिलावर २७ ने सुरू होणारा नंबर, महाराष्ट्राचा, दिसायला झकास. पोर्टलवर टाकून बघायला अर्धा मिनिट लागतं, लॉगिनही लागत नाही. नोंदणी आमच्या ऑर्डरच्या आधीच रद्द झालेली. तिन्ही बिलांचे मिळून ३८,८८० रुपये आम्ही सरकारच्या नावाने त्याच्या खिशात घातले.

आता चौकी. ठाणे अंमलदाराने अर्ज अर्धा वाचला. "माल दिलाय ना त्याने?" दिला. "पैसे तुम्हीच दिले ना?" हो. "मग दिवाणी आहे, कोर्टात जा." मी डबा बरोबर नेला होता, उघडून दाखवला. तो म्हणाला, "मॅडम, हा डबा इथे ठेवू नका." मी कलमही सांगितलं, भारतीय न्याय संहितेचं ३१८, जुनं ४२०. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच ललिताकुमारी प्रकरणात सांगितलंय. त्याच निकालात व्यापारी व्यवहारात आधी प्राथमिक चौकशी करायची मुभा आहे, आणि ती मुभा मात्र साहेबांना बरोबर पाठ होती. चौकशी म्हणजे काय, तर त्या माणसाला एक फोन. त्याने सांगितलं, "सोसायटीने मेंटेनन्स केला नाही." संपली चौकशी.

तिथून सायबरवाल्यांकडे पाठवलं. त्यांचं म्हणणं, तुमच्या खात्यातून कुणी परस्पर पैसे काढलेत का? नाही. मग हे सायबर नाही. मॉडेम आहे, सर्व्हर आहे, खोटे मेसेज आहेत, आणि सायबर नाही! आर्थिक गुन्हेवाले म्हणाले रक्कम लहान आहे. चौकीला लहान वाटत नव्हती, दिवाणी वाटत होती. मोबाइल कंपनी सिमधारकाचं नाव पोलिसांच्या पत्राशिवाय देत नाही, ते नियमाने बरोबरच आहे, आणि पोलीस गुन्हा नोंदवल्याशिवाय पत्र देत नाहीत. जीएसटीवाल्यांनी ऑनलाइन तक्रार करायला सांगितली, केली, पोच आली, पोचच आहे. सहकार खात्यातल्या साहेबांनी मात्र तत्परतेने दखल घेतली, माझी. एवढा खर्च सर्वसाधारण सभेसमोर का ठेवला नाही, खुलासा करा. चोर मोकळा, आणि नोटीस सचिवाला. मी तोही खुलासा केला, सात पानी, आणि पंपाविना ८४ घरं किती दिवस बसवायची होती तेही त्यात विचारलं. उत्तर नाही.

ग्राहक आयोगात जाताना कुणी म्हणालं की सोसायटी म्हणजे ग्राहक नव्हे, तर ऐकू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'व्यक्ती'च्या व्याख्येत सहकारी संस्था नाव घेऊन लिहिलेली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षं, ती चौकीच्या बाकड्यावर घालवू नका. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाका, नंबर मिळतो, तो पुढे लावता येतो. पैसे ऑनलाइन पळवले असतील तर मात्र १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच, त्याच तासात. आमचे गेले ते चेकने आणि एनईएफटीने, आमच्याच सहीशिक्क्यानिशी, त्यामुळे त्याचा उपयोग नव्हता. आमची तक्रार आयोगात दाखल आहे. समोरच्याला नोटीस बजावायला गेले तर बिलावरच्या पत्त्यावर ब्यूटी पार्लर आहे.

"आमच्या जुन्या ग्राहकांना फोन करा" म्हणून त्याने तीन नंबर दिले होते. मी केले होते हो, तिन्ही! तिघंही खूश. नंबर घेऊ नका, पत्ता घ्या, तिथे जा आणि सेक्रेटरीला नको, तिथल्या वॉचमनला विचारा की पंप कोण चालू करतं. आणि कितीही भारी कंट्रोलर घ्या, स्टार्टरवर हाताने चालवायचा मॅन्युअल-ऑटो स्विच ठेवायला लावा आणि खालच्या टाकीचा फ्लोट थेट स्टार्टरला जोडा, मॉडेमच्या भरवशावर नको. शेवटचे तीस-चाळीस टक्के निदान एक गुरुवार जाईपर्यंत अडकवून ठेवा. अ‍ॅडमिनचा पासवर्ड बंद पाकिटात, बसवल्या दिवशीच.

कमिटीतले ज्यांनी त्याला आणला ते हल्ली मीटिंगला येत नाहीत. त्याचा फोन लागतो, उचलत नाही. मागच्या महिन्यात सिंहगड रोडकडच्या एका सोसायटीतून मला विचारणा आली की अमुक माणसाचा कंट्रोलर कसा आहे, तुमचा नंबर रेफरन्स म्हणून दिलाय. म्हणजे मीही आता त्याची खूश ग्राहक! त्यांना सगळं सांगितलं. सूट, टॅब्लेट, खिशात हात घालणारा पोरगा, सगळं तेच होतं, दर मात्र १,८६,००० वरून २,१०,००० झालाय.

तुमच्याकडे असा डबा बसला असेल तर तो रागाने काढून भंगारात देऊ नका. वायरी हलवायच्या आधी फोटो काढा, तारीख दिसेल असे, दोन सभासदांच्या सह्यांनिशी पंचनामा लिहा, सिमवरचा लांब नंबर उतरवून घ्या, मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवा, पाणी बंद असलेल्या दिवसांचे आधी. आमच्या वायरमनने हसताहसता अर्ध्या वायरी ओढून काढल्या, आणि आता वकील विचारतात, ती वायर कापलेलीच होती याला पुरावा काय.