पाणपक्ष्यांच्या नोंदींचे विश्लेषण फोनवरच: नांदूर मध्यमेश्वरच्या एका हंगामाचा अनुभव

नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यातल्या पाणपक्ष्यांच्या नोंदी मी पूर्वी वहीत घेत असे आणि त्यांचे विश्लेषण नाशिकला घरी संगणकावर करीत असे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीपासून हे काम अँड्रॉइड फोनवरच करतो आहे. टर्मक्स हे लिनक्सच्या आज्ञा चालवणारे अ‍ॅप, त्यात प्रूट-डिस्ट्रो या साधनाद्वारे डेबियन ही लिनक्स प्रणाली आणि डेबियनमध्ये आर ही सांख्यिकीची भाषा, अशी ही रचना आहे. नोंदींसाठी ओडीके कलेक्ट आणि नकाशांसाठी क्यूफील्ड वापरतो; दोन्ही नेटवर्कशिवाय उत्तम चालतात.

उभारणीला संयम लागतो. डेबियनच्या भांडारातले व्हेगन हे प्रजातींची विविधता मोजणारे आरचे पॅकेज सहज बसते. न दिसलेले पक्षी हिशेबात घेणारे अनमार्क्ड हे पॅकेज मात्र मी मूळ कोडपासून बांधले आणि त्यातील सी प्लस प्लसच्या भागामुळे फोन तापला, मेमरी अपुरी पडली, प्रक्रिया मध्येच बंद पडली. इतर अ‍ॅप बंद करून, चार्जर लावून आणि टर्मक्सचा वेक लॉक (फोनला झोपू न देणारी सोय) चालू ठेवून हे काम रात्री लावावे, असा माझा सल्ला आहे.

खरा लाभ काठावर दिसतो. चापडगावच्या मनोऱ्यावरून मोजणी संपताच तिथेच शॅनन निर्देशांक, म्हणजे प्रजातींची संख्या आणि त्यांच्यातला समतोल मिळून विविधता दाखवणारा आकडा, काढता येतो. चांदव्यांचा मोठा थवा उतरलेला असला, तर प्रजाती वाढूनही निर्देशांक घसरू शकतो, कारण संख्येतला समतोल बिघडलेला असतो. असा आकडा थवा समोर असतानाच मिळाला, तर मोजणी लगेच पुन्हा तपासता येते. घरी पोहोचल्यावर ती सोय उरत नाही.

याहून मोलाचे काम आढळक्षमतेचे, म्हणजे असलेला पक्षी नजरेस पडण्याच्या शक्यतेचे आहे. पाणकणसात दडणारी फटाकडी एका फेरीत दिसण्याची शक्यता 0.3 धरली, तर ती तिथे असूनही सलग तीन फेऱ्यांत एकदाही न दिसण्याची शक्यता 0.34 येते. म्हणजे कोऱ्या रकान्यावरून पक्षी नाही, असे म्हणता येत नाही. मॅकेन्झी व सहकाऱ्यांनी 2002 मध्ये मांडलेले व्याप्ती-प्रतिमान (पक्षी किती जागी आहे याचा अंदाज देणारे गणित) हीच त्रुटी हिशेबात घेते, मात्र फेऱ्यांच्या काळात त्या जागेची स्थिती बदलू नये, ही त्याची अट आहे. गोदावरी-कादवा संगमावरच्या या जलाशयात कालव्याचे आवर्तन सुटले की पाणी उतरते, चिखलपट्टे उघडे पडतात आणि पक्षी जागा बदलतात. संध्याकाळी तिथेच प्रतिमान चालवल्यामुळे पुढच्या फेऱ्या दोन आवर्तनांच्या मधल्या काळात बसवण्याचे नियोजन मला हंगाम चालू असतानाच करता आले. हे काम हंगाम संपल्यावर केले असते तर त्या वर्षापुरता त्याचा उपयोग झाला नसता.

मर्यादा स्पष्ट आहेत. उन्हात पडदा वाचता येत नाही आणि ब्लूटूथ कीबोर्डशिवाय कोड लिहिणे कंटाळवाणे होते. बूटस्ट्रॅपच्या, म्हणजे नोंदींतून पुन्हा पुन्हा नमुने घेऊन अनिश्चितता मोजण्याच्या, शेकडो आवृत्त्या चालवल्या की फोन तापून मंदावतो. उपग्रह प्रतिमांचे काम मी आजही संगणकावरच करतो.

मर्लिन या पक्षी ओळखणाऱ्या अ‍ॅपने आवाजावरून सुचवलेली नावे मी या प्रतिमानात घालत नाही. न दिसलेल्या पक्ष्याची भरपाई गणित करू शकते. पण जो पक्षी तिथे नव्हताच त्याची नोंद झाली, तर साधे व्याप्ती-प्रतिमान ती खरी मानून चालते आणि पक्ष्याचा वावर फुगवून दाखवते. म्हणून दुर्बिणीतून खात्री झाल्याशिवाय ओडीकेच्या अर्जात नाव भरत नाही.