शेतावरचा तलाव: पाळीची बोडी की पन्नीचे शेततळे?

शेतावर घरच्यांना आणि पाहुण्यांना रमता येईल असे पाणी हवे, डोंगा घालता यावा, गळ टाकून निवांत बसता यावे, संध्याकाळी काठाने फिरता यावे, अशी इच्छा असणाऱ्यांची संख्या आपल्याकडे वाढली आहे, आणि राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आल्यापासून तर ती अधिकच जाणवते. अशा माणसापुढे विदर्भात साधारण दोन मार्ग असतात. एक, उतारावर मातीची पाळ घालून पावसाचे पाणी अडवायचे, म्हणजे भंडारा-गोंदियाकडची बोडी. दुसरा, सपाट जागी खड्डा खणून त्यात पन्नी, म्हणजे जाड प्लास्टिक, अंथरायची, म्हणजे अस्तराचे शेततळे. मी भंडारा जिल्ह्यातील साकोलीच्या पुढच्या आमच्या वडिलोपार्जित जमिनीवर बोडी निवडली, तर धाकट्या भावाने वर्धा जिल्ह्यातील आपल्या शेतात शेततळे केले. दोन्ही पाणी आमच्या घराने सर्व ऋतूंत वापरले आहे, त्यामुळे पुढील मत त्या वापरातून आलेले आहे, मोजमापातून नाही.

शेततळ्याची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल अशा नेहमीच्या मापाच्या तळ्यात सुमारे २,२०० घनमीटर पाणी मावते, आणि ५०० मायक्रॉनची पन्नी नीट जोडलेली असेल तर त्यातील थेंबही जमिनीत मुरत नाही. विहिरीवरून पंप लावून ते केव्हाही भरता येते, उताराची किंवा वरून येणाऱ्या पाण्याची वाट पाहावी लागत नाही. पाणी नितळ राहते. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या पाण्याची पातळी वाफेनेच दिवसाला सेंटिमीटरभर उतरते. शेततळे खोल आणि आटोपशीर असल्याने त्याला हा तोटा सोसवतो, तर पसरट आणि उथळ बोडीत वैशाख संपता संपता मधला खोल भाग तेवढा उरतो. ज्यांचे पाहुणे मुख्यतः उन्हाळी सुटीत येतात, त्यांनी ही गोष्ट हलकी समजू नये.

जमिनीचा प्रश्नही शेततळ्याच्याच बाजूने जाऊ शकतो. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात सोडियमयुक्त माती पाण्यात विरघळल्यासारखी सुटते, आणि तिची पाळ आतून पोखरली जाण्याची भीती खरी असते. तिथे कुणी मला विचारले तर मी बोडीचा आग्रह धरणार नाही. आमच्याकडे मात्र मोरांड, म्हणजे मध्यम चिकण, जमीन आहे, आणि पाळीच्या गाभ्यासाठी तिच्यासारखी माती नाही. कन्हार, म्हणजे भारी काळी माती, पाणी उत्तम धरते, पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणून ती वापरायची तर आत ठेवून वरून मुरमाचे कवच द्यावे लागते. सिहार (रेताड) आणि बर्डी (खडकाळ, मुरमाड) माती कवचाला ठीक, गाभ्याला नाही.

बोडीचे काम डोळ्यांसमोर करून घ्यावे लागते. पाळीखाली घट्ट थर लागेपर्यंत खाच खणणे, ती गाभ्याच्याच मातीने भरणे, प्रत्येक थर वीतभरापेक्षा जाड होऊ न देणे, तो ओला करून दाबणे, पाण्याकडचा उतार बाहेरच्या उतारापेक्षा अधिक पसरट ठेवणे, ही कामे पोकलेनवाल्याच्या मर्जीवर सोडली तर पहिल्याच पावसात पाळ बसते. त्याहून महत्त्वाचा सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याची वाट. मातीची धरणे फुटण्याची जी मोठी कारणे आहेत, त्यांत पाणी पाळीवरून वाहणे हे अग्रभागी आहे, आणि त्यावर उपाय एकच, तो म्हणजे पाळीच्या एका टोकाला, शक्यतो न खणलेल्या मूळ जमिनीत, ऐसपैस सांडवा देणे आणि पाळीचा माथा त्याच्यापेक्षा मीटरभर उंच ठेवणे. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटले तेव्हा ते खेकड्यांनी पोखरल्याची चर्चा फार झाली. खेकडे आणि घुशी पाळ पोखरतात हे खरेच आहे, आम्हीही त्यांची बिळे शोधून मुरूम ठासून भरतो. तरीही माझी नजर पावसाळ्यात आधी सांडव्यावर जाते आणि मग पाळीच्या बाहेरच्या पायथ्याकडे. पायथ्याशी थोडे पाणी पाझरले आणि ते स्वच्छ असले तर लक्ष ठेवायचे. ते गढूळ झाले, म्हणजे पाळीची माती बाहेर येऊ लागली, की त्याच दिवशी पाणी उतरवायचे. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि दहा ते पंधरा मीटरमधील काही ठरावीक धरणांना लागू आहे. आपल्या पुरुषभर-दोन पुरुष उंचीच्या पाळीची पाहणी करायला कुणी अधिकारी येणार नाही, आणि खालच्या बांध्यांतील (भातखाचरांतील) शेजाऱ्याची जबाबदारी पूर्णपणे आपली आहे. हे ओझे ज्यांना नको त्यांनी खुशाल शेततळे घ्यावे. त्यात कमीपणा काही नाही.

एवढे सगळे शेततळ्याच्या पारड्यात टाकूनही माझा कल ज्या एका गोष्टीने ठरला, ती म्हणजे काठ. पन्नीच्या तळ्याला काठ नसतो. चारही बाजूंनी तीव्र उतार आणि त्यावर गुळगुळीत, ओली, शेवाळ धरलेली पन्नी. माणूस पाण्यात उतरला की त्याला आपणहून वर येता येत नाही. महाराष्ट्रात शेततळ्यात बुडून मुले गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, आणि त्यातील अनेक मुले पोहता येत नव्हते म्हणूनच गेली असे नाही. हाताला धरायला काही नव्हते. म्हणून भावाने तळ्याला उंच जाळी लावली, फाटकाला कुलूप घातले, चारही बाजूंना गाठी मारलेले दोर आणि जुनी टायरे सोडली. हे सर्व योग्यच केले, पण ज्या पाण्यासाठी पाहुणे आले ते त्यांना जाळीआडून पाहावे लागते, आणि आत जायचे तर कुणीतरी जबाबदार माणूस सतत सोबत हवा. आमची आई भावाकडे गेली की तळ्याच्या जाळीबाहेर खुर्ची टाकून बसते. आमच्या बोडीवर ती रोज संध्याकाळी पिचिंगच्या, म्हणजे पाळीच्या आतल्या उतारावर रचलेल्या दगडांच्या, खालच्या दगडावर बसून पाय पाण्यात सोडते.

जाळीने जनावरेही पूर्ण थांबत नाहीत. भावाच्या तळ्यात एका पहाटे रानडुक्कर पडले. ते पोहत काठाला येई, पुढचे पाय पन्नीवर टेकवी, खुरे घसरत आणि ते पुन्हा मागे जाई. गावातील माणसांनी जाळे टाकून बाहेर काढेपर्यंत पाण्याच्या रेषेलगत पन्नीला हातभर लांबीच्या चिरा पडल्या होत्या. मग पाणी त्या चिरांच्या खाली उतरवणे, पन्नी पुसून कोरडी करणे, गरम हवेचे यंत्र घेऊन येणाऱ्या कारागिराची वाट पाहणे आणि तोवर आरक्षण केलेल्या पाहुण्यांना नकार कळवणे, हे सर्व ओघाने आले. आमच्या बोडीवर चितळ आणि डुकरे रोज रात्री येतात, पाणी पितात, चिखलात पावले उमटवून निघून जातात. पाहुण्यांच्या मुलांना सकाळी ती पावले ओळखायला लावणे हा आमच्याकडचा सर्वांत आवडता कार्यक्रम झाला आहे, आणि त्यासाठी मला काही खर्च करावा लागलेला नाही.

बोडीचा काठ निर्धोक आहे असे मात्र कुणी समजू नये. पाळीसाठी माती तलावाच्या पोटातूनच उचलली जाते आणि ते खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. म्हणून माती काठापासून दूर, मध्यभागी खणावी आणि पोहण्याची जागा खांब रोवून दाखवावी. डोंग्यात बसणाऱ्याला जीवरक्षक जाकीट घालावेच लागेल, मग तो गावचा ढिवर, म्हणजे मासेमार, का असेना. बेशरमची झुडपे दरवर्षी मुळासकट उपटावी लागतात, कारण एकदा फैलावली की काठ त्यांचाच होतो. पाळीवर झाडे लावण्याचा मोह मलाही होतो, पण बाभूळ असो की आंबा, त्यांची मुळे कुजली की पाण्याला वाट मिळते; पाळीवर हरळी ठेवावी, सावलीची झाडे पाळीपासून लांब लावावीत. रोहू, कतला, मृगळ दोन्हीकडे वाढतात. मरळ मात्र बोडीच्या चिखलात आणि गवतात आपणहून येते, आणि गळ टाकून बसणाऱ्याला तिचाच आनंद अधिक.

मालगुजारी, म्हणजे इकडची जुनी जमीनदारी, गेल्यावर मोठे तलाव सरकारजमा झाले आणि त्यांतील बहुतेक आज जिल्हा परिषदेकडे आहेत, परंतु बोड्या शेतकऱ्यांच्याच नावावर राहिल्या. तुमच्या शेतात अशी एखादी जुनी, गाळाने भरलेली, पाळ खचलेली बोडी असेल तर नवे शेततळे खणण्याआधी तिच्याकडे एकदा पाहावे, असे मी आपला सुचवेन. गाळ शेतात पसरता येतो, आणि जुन्या माणसांनी पाण्याची वाट पाहूनच ती जागा निवडलेली असते. नव्याने पाळ घालायची असेल तर गावनाल्याला परवानगीशिवाय हात लावू नये. वरच्या बांध्यांतून येणारे आपल्या उतारावरचे पाणी आमच्याकडे १,२०० ते १,४०० मिलिमीटर पावसात लहान तलावाला पुरते.

ठरवण्यापूर्वी दिवाळीनंतर नियोजित जागेवर दोन-तीन खड्डे कमरेएवढे खणावेत, त्यांत पाणी भरावे, एकदा मुरू द्यावे, मग पुन्हा भरून दुसऱ्या दिवशी पातळी पाहावी. पाणी रात्रीत तळाला गेले तर पन्नीला पर्याय नाही. पाणी बऱ्यापैकी टिकले, आणि खड्ड्यातील ओली माती हातात वळून तिची न तुटणारी वात झाली, तर पोकलेन होळीच्या आधी सांगून ठेवावा, म्हणजे पाळ मेअखेर पुरी होऊन पहिल्या पावसापूर्वी तिच्यावर हरळीची ठोंबे लावायला वेळ मिळेल.