सर्व्हर बंद, भाडं मात्र बारा महिने

रत्नागिरीहून आम्ही हापूसच्या पेट्या थेट गिऱ्हाइकांना पाठवतो. वेबसाइटवर ऑर्डरी येतात त्या मार्च ते मे. सर्व्हर सांभाळायला ओळखीतून एक मुलगा मिळाला. क्लाउडचं, म्हणजे इंटरनेटवरून सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीकडचं, खातं त्याच्या नावावर, भाडं आम्ही महिन्याच्या महिन्याला त्याला द्यायचो.

पावसाळ्यात सर्व्हर बंद ठेवू या का, असं मी विचारलं होतं. "नको काका, बंद केला की डेटा उडतो. गिऱ्हाइकांचे पत्ते, जुनी बिलं, सगळं जाईल."

हे धडधडीत खोटं. अॅमेझॉनच्या क्लाउडवर सर्व्हर 'स्टॉप' केला की तासाचं भाडं थांबतं आणि डेटा असलेली डिस्क जागेवर राहते. तिचे थोडे पैसे लागतात, शिवाय पब्लिक आयपी, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, राखून ठेवला तर त्याचे ताशी ०.००५ डॉलर. 'हायबरनेट'लाही (चालू काम डिस्कवर जपून बंद करणं) हाच हिशेब. मूळ डिस्क सहसा पुसली जाते ती 'टर्मिनेट', म्हणजे सर्व्हर कायमचा काढून टाकल्यावर.

या पठ्ठ्याने काय केलं? सीझन संपला की साइटच्या जागी 'बुकिंग मार्चपासून' असं साधं पान दुसरीकडून दाखवायचं, सर्व्हर स्टॉप करायचा आणि आमच्याकडून पूर्ण भाडं घ्यायचं.

पुतण्याने सर्व्हरचा अॅक्सेस लॉग, म्हणजे साइटवर येणाऱ्या प्रत्येक भेटीची नोंदवही, उघडला तेव्हा हे बाहेर आलं. इंटरनेटवर उघडा असलेला सर्व्हर कधी शांत नसतो; गिऱ्हाईक नसलं तरी बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्राम, रात्रंदिवस दार ठोठावत असतात. आमच्या लॉगमध्ये जूनमधल्या एका ओळीखालची पुढची ओळ थेट फेब्रुवारीची होती. मधे एक नोंद नाही!

म्हणून कळकळीने सांगतो, खातं, ईमेल आणि ओटीपीचा मोबाइल तुमचाच ठेवा. सांभाळणाऱ्याला मर्यादित अधिकारांचा वेगळा लॉगिन द्या. आणि क्लाउड कंपनीचं मूळ बिल मागाच. त्यात तास लिहिलेले असतात; ३० दिवस अखंड चाललेल्या सर्व्हरचे ७२० भरतात. आम्हाला मिळायचं ते त्याने स्वतः टाइप केलेलं, त्यात फक्त 'सर्व्हर चार्जेस' आणि रक्कम.

मायक्रोसॉफ्टचं क्लाउड अझूर वापरत असाल तर आणखी एक बघा. तिथे विंडोज किंवा लिनक्सच्या आतून शटडाउन केलं तरी भाडं चालूच राहतं. पोर्टलवर 'स्टॉप्ड'पुढे 'डीअॅलोकेटेड' दिसलं, तरच थांबलं.

आता खातं आमच्या नावावर आहे. मागची मूळ बिलं मागितल्यापासून तो फोन उचलत नाही आणि पैसेही परत आलेले नाहीत.