धबधबा सिमेंटचा की शेततळ्याच्या कागदाचा?

अंगणातल्या तळ्यात मासे सोडायचेत आणि वरून पाणीही पाडायचंय, एवढं इंदूरच्या मिस्त्रीला सांगितलं की तो विटा नि सिमेंटचाच हिशेब मांडतो. रामबागेतल्या आमच्या घरी पहिला धबधबा असाच झाला. दिसायला सुरेख. आठव्या दिवशी तळं भरून आम्ही बारा गोल्डफिश सोडले. दुसऱ्या सकाळी ते वर येऊन धापा टाकत होते, कल्ले लालबुंद. संध्याकाळपर्यंत सात गेले. पीएचची, म्हणजे पाण्याचा आम्ल-अल्कपणा मोजायची पट्टी बुडवली तर ती गर्द निळी झाली, म्हणजे पाणी फार अल्कधर्मी.

नव्या सिमेंटातून चुना सुटत राहतो आणि पाण्याचा पीएच 10-11 च्याही वर जाऊ शकतो. गोल्डफिश, कोई यांना 7 ते 8.5 मानवतो. हौदापेक्षा धबधब्यात हा त्रास जास्त, कारण तेच पाणी दिवसभर पातळ थरानं सिमेंटवरून घरंगळतं. शिवाय पीएच चढला की माशांच्याच विष्ठेतून येणारा अमोनिया जास्त विषारी होतो. 25 अंशांच्या पाण्यात पीएच 7 असताना त्यातला जेमतेम अर्धा टक्का घातक रूपात असतो, पीएच 9 ला एक तृतीयांशाहून अधिक.

म्हणून सिमेंटच हवं असेल तर धीर धरा. तळं भरा, पंप चालवा, तीन-चार दिवसांनी सगळं पाणी काढून टाका. असं महिनाभर तरी करत राहा. पाणी आठवडाभर न बदलताही पट्टी 8.5 च्या आत राहिली, तरच मासे आणा. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालणारा इपॉक्सी लेप दिला तर वाट कमी पाहावी लागते, खर्च मात्र वाढतो. सिमेंटची एक बाजू खरी आहे: सगळं पाणी दर्शनी अंगानं पडतं, धार भरघोस दिसते.

पण आपली माळव्याची काळी माती! पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं बांधकाम तिच्याबरोबर हलतं. आमच्या धबधब्याला दुसऱ्याच मे महिन्यात केसाएवढी चीर गेली. शेततळ्याचा कागद, म्हणजे पाणी अडवायला तळाशी अंथरतात ते जाड प्लॅस्टिकचं अस्तर, मातीबरोबर थोडा सरकतो, म्हणून मी आता त्याच्याच बाजूनं आहे.

शेततळ्याला वापरतात तो 500 मायक्रॉनचा कागद चालतो, पण कोपऱ्यात ताठ राहतो. रबराचा ईपीडीएम महाग, पण हवा तसा वळतो. खाली जुन्या गोधड्या किंवा जाड पोती अंथरा. गळती बहुधा भोकातून होत नाही, कडेनं होते. दगडांच्या मागे कागद वीतभर वर उचलून घ्या. पाणी दगडांमागून पळतं नि धार बारीक दिसते, ही कागदाची खोड. फटींत बारीक खडी ठासली की बरीच सुधारते. दगड आपला काळाच घ्या, तो पाण्यात काही सोडत नाही. संगमरवराचे तुकडे नकोत. शंका आली तर दगडावर व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसला तर त्यात चुना आहे.

फायबरचा तयार साचा एका दिवसात बसतो, लहान तळ्याला पुरतो.

पंपाचं मात्र दोन्हीकडे सारखंच. पाणी जिथून पडतं त्या काठाच्या दर 10 सेंटिमीटर रुंदीला तासाला सुमारे 1,500 लिटर पाणी लागतं, तेही वर चढवल्यानंतरचं. डब्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. तेल भरलेला पंप घेऊ नका, सील गेलं की तेल तळ्यात येतं. तोंडाला जाळी बांधा, नाहीतर गप्पीसारखे लहान मासे आत ओढले जातात. आणि पंप तळाशी न ठेवता फूटभर उंच विटांवर ठेवा. वर कुठे गळती झाली तर पंप तिथपर्यंतच पाणी उपसेल, माशांपुरतं फूटभर खाली उरेल. वायरीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच, हवाच.

नर्मदेच्या नळाचं पाणी क्लोरीनचं, त्यामुळे उन्हाळ्यात भर घालताना ते आदल्या दिवशी उघड्या टाकीत साठवा. आणि विजेच्या बिलापायी रात्री पंप बंद करू नका. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच, आणि रात्री शेवाळ नि झाडंही त्यातलाच ओढतात. पहाटे चार वाजता माशांना त्या धारेची सगळ्यात जास्त गरज असते.