डबा कंपनीचा, ऑईल पिंपातले

पारोळ्याहून चाळीसगावमार्गे छत्रपती संभाजीनगरला जाताना कन्नड घाटात माझ्या बीएस-६ डिझेल गाडीची ओढ एकाएकी कमी झाली आणि डीपीएफचा, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरील काजळी अडवणाऱ्या गाळणीचा, दिवा लागला. सर्व्हिस सेंटरमध्ये तपासल्यावर गाळणी राखेने भरल्याचे निष्पन्न झाले आणि ती काढून साफ करण्यासाठी मला १४,००० रुपये मोजावे लागले.

मागील तीन वेळा मी जळगाव जिल्ह्यातल्या एकाच गॅरेजमध्ये ऑईल बदलले होते. गाडीच्या माहितीपुस्तिकेत ५डब्ल्यू-३० हा ग्रेड, म्हणजे ऑईलचा दाटपणा, आणि एसीईए सी३ हा युरोपीय वाहन उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेला दर्जा लिहिलेला आहे, असे मी दर वेळी सांगत असे. मालक म्हणत, "भाऊ, आपल्या खान्देशच्या उन्हात एवढे पातळ ऑईल टिकत नाही, पण तुम्ही म्हणता तर तेच टाकतो." शेवटच्या वेळी त्यांनी कंपनीचा डबा हातात दिला, तेव्हा झाकणाखालची सीलची कडी तुटलेली होती आणि आतला चंदेरी कागदही नव्हता. हे दिसूनही मी काही विचारले नाही, याची मला आजही खंत वाटते. ३,४०० रुपयांच्या बिलावर फक्त "इंजिन ऑईल, ५ लिटर" एवढेच लिहिले होते.

घाटातल्या प्रसंगानंतर मी न कळवता त्या गॅरेजमध्ये गेलो, तर एक मुलगा पिंपातून मापाने ऑईल काढून तसल्याच डब्यांत भरत होता. पिंपावर १५डब्ल्यू-४०, सीएफ-४ असे छापलेले होते. सीएफ-४ हा १९९० सालचा, मुख्यतः ट्रकच्या इंजिनांसाठीचा दर्जा आहे. डीपीएफ असलेल्या गाड्यांचा त्यात विचारच नाही. काजळी गाळणीत उष्णतेने जळून जाते, परंतु ऑईलमधील कॅल्शियम, जस्त यांसारख्या धातूंची राख जळत नाही, ती तिथेच साचत राहते, आणि म्हणूनच सी३ दर्जात सल्फेटेड राखेचे प्रमाण ०.८ टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवलेले असते.

उन्हाचा मुद्दाही मला पटेनासा झाला आहे. ग्रेडमधला दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑईल किती दाट राहते ते सांगतो, आणि बाहेर ४५ अंश असोत वा १५, थर्मोस्टॅट इंजिनाचे तापमान साधारण ९० अंशांच्या आसपास राखतो. डिझेल गाडीत चांगले ऑईलही थोड्याच दिवसांत काळे पडते, त्यामुळे डिपस्टिकवरचा रंग पाहून माझी फसवणूक मला कधीच कळली नसती.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली, पण बिलावर ग्रेड, दर्जा किंवा बॅच क्रमांक यांपैकी काहीच नसल्याने माझी बाजू लंगडी पडली. आता मी ऑईल स्वतः विकत घेऊन नेतो, सील माझ्यासमोर तोडायला लावतो, ग्रेड आणि दर्जा बिलावर लिहून घेतो, आणि रिकामा डबा भंगारात जाऊन पुन्हा भरला जाऊ नये म्हणून तिथेच स्क्रू-ड्रायव्हरने त्याच्या तळाला भोक पाडतो.