भाड्याचं घर स्वतः सांभाळायचं की व्यवस्थापकाकडे सोपवायचं?

पहिल्यांदा घर भाड्याने देणाऱ्यांचं बहुतेक लक्ष भाडं किती येईल इथेच अडकतं. खरा प्रश्न वेगळा आहे. रात्री अकरा वाजता गीझर गळायला लागला तर भाडेकरू फोन कोणाला करणार, आणि तासाभरात दारात कोण पोचणार? याचं उत्तर तयार असेल तर घर स्वतः सांभाळायला काहीच हरकत नाही. नसेल तर व्यवस्थापक नेमा, त्याचं शुल्क जड वाटलं तरी. मधला मार्गही आहे: भाडेकरू शोधून करार करून देण्यापुरता एजंट घ्यायचा आणि पुढचं सगळं आपण बघायचं. एका कामात स्वस्त पडणारा पर्याय दुसऱ्या कामात महाग पडतो, म्हणून हे तिन्ही पर्याय एकेका कामावर ताडून पाहावे लागतात.

आधी पैशाचा हिशेब

वर्षाचं भाडं म्हणजे १२ महिने. घर एक महिना रिकामं पडलं की वर्षाच्या उत्पन्नातले ८.३३ टक्के गेले. व्यवस्थापक १० टक्के घेत असेल तर त्याचं वर्षाचं शुल्क १.२ महिन्यांच्या भाड्याइतकं, म्हणजे साधारण ३६ दिवसांचं होतं. तुमच्यापेक्षा ३६ दिवस आधी त्याने भाडेकरू आणला, तर त्या वर्षी त्याचं शुल्क भरून निघालं. मात्र हे ज्या वर्षी भाडेकरू बदलतो त्याच वर्षापुरतं खरं आहे. भाडेकरू तीन वर्षं टिकला तर शुल्क ३.६ महिन्यांचं झालेलं असतं आणि घर रिकामं पडायची वेळ एकदाच आलेली असते. त्यामुळे जिथे कुटुंबं वर्षानुवर्षं राहतात तिथे स्वतः सांभाळणं परवडतं. जिथे दर वर्षी माणसं बदलतात तिथे व्यवस्थापक परवडतो.

कोणाचा फायदा कशात आहे, हेही बघून ठेवा. एकरकमी दलाली घेणाऱ्या एजंटाला भाडेकरू बदलला की पुन्हा कमाई होते, त्यामुळे भाडेकरू टिकावा यात त्याला फारसा रस नसतो. टक्केवारीवर काम करणाऱ्या व्यवस्थापकाला भाडं थोडं कमी आलं तर किरकोळ फटका बसतो, पण घर रिकामं पडलं तर त्याचीही मिळकत थांबते. म्हणून तो भाडं कमी करून घर लवकर लावायला बघतो. पुष्कळदा ते तुमच्याही हिताचंच असतं. ५ टक्के जास्त भाडं म्हणजे वर्षाला ०.६ महिना, म्हणजेच १८ दिवस. तेवढ्या जास्त भाड्यासाठी १८ दिवसांहून अधिक थांबलात तर पहिल्या वर्षी तोट्यातच राहाल.

भाडेकरू निवडताना

ओळखपत्र, उत्पन्नाचा पुरावा आणि आधीच्या घरमालकाशी बोलणं या तीन गोष्टींना फाटा देऊ नका. भाडं उत्पन्नाच्या साधारण एक तृतीयांशाच्या आत बसतं का, हे पाहा. सध्याच्या घरमालकावर पूर्ण विसंबू नका, कारण त्रास देणारा भाडेकरू लवकर जावा म्हणून तोही चांगलंच बोलू शकतो. त्याच्या आधीच्या घरमालकाला मात्र काही लपवायचं कारण नसतं. निकष आधी कागदावर लिहा आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच लावा.

स्वतः निवडताना नवखा घरमालक गोड बोलण्याला भुलतो, किंवा घर रिकामं आहे या धास्तीने पहिल्यालाच हो म्हणतो. एजंट या दडपणाखाली नसतो, पण तो नेमकी काय तपासणी करतो हे विचारल्याशिवाय कळत नाही. 'सगळं बघितलंय' हे उत्तर पुरेसं नाही. कागद मागा.

भाडं वसुली

इथे फरक थोडा आहे. बँकेत ठरलेल्या तारखेला भाडं, चुकलं तर दुसऱ्या दिवशी आठवण, मग करारात लिहिलेल्या दिवशी लेखी नोटीस, हा क्रम दोघांनाही सारखाच. अडचण भिडेची असते. ओळख झाली की 'पुढच्या महिन्यात एकदम देतो' याला नाही म्हणणं जड जातं. ते जमणार नसेल तर व्यवस्थापकाला तिथे झुकतं माप द्या. अर्धवट भाडं घेतलंत तर उरलेलं कधी येणार ते त्याच दिवशी लिहून घ्या. काहीही झालं तरी पाणी-वीज तोडणं किंवा कुलूप बदलणं या वाटेला जाऊ नका. बहुतेक ठिकाणी ते बेकायदा आहे आणि तुमची बरोबर असलेली बाजूही त्याने पडते.

दुरुस्ती: निर्णय इथेच होतो

स्वतः सांभाळायचं असेल तर प्लंबर आणि वायरमन यांचे प्रत्येकी दोन नंबर हवेत. एकच ठरलेला माणूस असला आणि तो गावाला गेला की सगळं अडतं. एका महिन्याच्या भाड्याइतकी रक्कम वेगळ्या खात्यात कायम ठेवा आणि दर महिन्याच्या भाड्यातला दहावा हिस्सा त्यात टाकत राहा. भाडेकरू राहायला आला त्याच दिवशी त्याला पाण्याचा मेन व्हॉल्व्ह, विजेचा मेन स्विच आणि गॅसचा कॉक हात लावून दाखवा. पाईप फुटल्यावर प्लंबर येईपर्यंतचं नुकसान त्या एका व्हॉल्व्हवर ठरतं.

स्वतः सांभाळणाऱ्यांच्या हातून सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे छोटी गळती लांबणीवर टाकणं. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी घालवतो, पण पाण्यापेक्षा त्या ओलीने होणारं नुकसान मोठं. साहित्य ओलं राहिलं तर बुरशी एक-दोन दिवसांतच धरू लागते. गळतीचा संशय असेल तर सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि दोन तासांनी पुन्हा बघा. या वेळात कोणी पाणी वापरायचं नाही. आकडा पुढे गेला असेल तर कुठेतरी पाणी जातंय. फ्लशची टाकी तपासायला टाकीत खायच्या रंगाचे काही थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचं रबरी झाकण झिजलंय. ते बदलायला प्लंबरला फार वेळ लागत नाही.

साठवणीच्या गीझरची गळती कुठून होते त्यावर पुढचं ठरतं. जोडाजवळून पाणी येत असेल तर दुरुस्ती होते. टाकीच्या अंगातूनच येत असेल तर टाकी आतून गंजली आहे, गीझर बदलणं हाच उपाय. दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडं ठिबकत असेल तर प्लंबरकडून पाण्याचा दाब आणि व्हॉल्व्ह तपासून घ्या, पण ते तोंड बूच लावून कधीही बंद करू नका. टाकी फुटू नये म्हणूनच ती वाट ठेवलेली असते. विजेच्या पेटीतल्या आरसीसीबीचं (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या सुरक्षा स्विचचं) टेस्ट बटण तीन महिन्यांतून एकदा दाबून बघायला सांगा. बटण दाबल्यावर स्विच पडला नाही तर तो बदलायचा. गॅसचा गीझर न्हाणीघरात असेल तर हवा खेळती हवीच. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि त्याने माणसं जातात. इथे पैसे वाचवू नका.

भिंतीवरच्या काळ्या डागांवरून घरमालक आणि भाडेकरू यांच्यात जितकी भांडणं होतात तितकी क्वचितच दुसऱ्या कशावरून होत असतील. भाडेकरू म्हणतो गळती आहे, मालक म्हणतो तुम्ही खिडक्या उघडत नाही. हा वाद आवाज चढवून सुटत नाही, तपासून सुटतो. तपकिरी कडेचा, पसरत जाणारा, पाऊस पडला किंवा वरचं न्हाणीघर वापरलं की वाढणारा डाग बहुधा गळतीचा. थंड बाहेरच्या भिंतींच्या कोपऱ्यात किंवा कपाटामागे उमटणारे बारीक काळे ठिपके बहुधा हवेतल्या दमटपणाचे. खात्री करायची तर हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक-दोन दिवस ठेवा. कागदाच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूला जमलं तर खोलीच्या हवेत. पहिल्याचा खर्च मालकाचा. दुसऱ्यात आधी एक्झॉस्ट पंखा चालतो का ते बघा, मग भाडेकरूच्या सवयींबद्दल बोला.

व्यवस्थापकाकडे या सगळ्याची धावपळ नसते, पण धोके वेगळे असतात. वॉशर बदलण्यापुरतं काम मोठं बिल होऊन येतं, कारण कारागीर त्याचा ठरलेला असतो आणि मध्ये त्याचा वाटा असू शकतो. म्हणून करारात तीन गोष्टी लिहून घ्या: कुठल्या रकमेपर्यंत तो न विचारता खर्च करू शकतो (महिन्याच्या भाड्याचा दहावा हिस्सा ही सुरुवातीला बरी मर्यादा आहे), पाणी, वीज किंवा गॅसची तातडी असेल तर त्या मर्यादेचं काय, आणि प्रत्येक कामाचे आधीचे आणि नंतरचे फोटो, सोबत कारागिराचं मूळ बिल. हे द्यायला तो कां-कूं करत असेल तर दुसरा शोधा.

ताबा आणि अनामत

कोणताही पर्याय निवडा, पहिल्या ताब्याच्या वेळची नोंद स्वतः उभं राहून करा असं आम्ही आग्रहाने सांगू. दारापासून एकाच दिशेने फिरत प्रत्येक खोलीचे चारही कोपरे, छत, जमीन, उघडलेली कपाटं, सिंकखालची जागा यांचे तारखेसह फोटो घ्या. मीटरचे आकडे, किल्ल्यांची संख्या, गीझर-फ्रिजसारख्या वस्तूंचे अनुक्रमांक लिहा आणि दोघांच्या सह्यांची प्रत दोघांकडे ठेवा. घर सोडताना हाच कागद निवाडा करतो.

अनामतीतून कापताना नेहमीची झीज आणि नुकसान वेगळं काढा. रंग फिका पडणं, खिळ्यांची बारीक भोकं ही झीज. फुटलेलं बेसिन, ओट्यावरचा जळका डाग हे नुकसान. नुकसानीतही पूर्ण खर्च मागू नका. रंगाचं आयुष्य ५ वर्षं धरलं आणि ३ वर्षांनी भाडेकरूने भिंत खराब केली, तर त्याच्याकडून २/५ खर्चच मागणं रास्त आहे. असा हिशेब कागदावर मांडला की बहुतेक वाद तिथेच मिटतात. अनामत वेगळ्या खात्यात ठेवा, घरखर्चात मिसळू नका. व्यवस्थापक असेल तर ती कोणाच्या खात्यात राहणार हे लेखी हवं.

कोणी काय निवडावं

घर अर्ध्या तासाच्या अंतरावर, घर एकच, कामाला भरवशाची माणसं ओळखीची आणि 'नाही' म्हणायची तयारी, असं असेल तर स्वतः सांभाळा. जवळ राहता पण भाडेकरू पारखायचा आत्मविश्वास नाही, तर मधला मार्ग घ्या. पहिल्या वर्षासाठी तो बहुतेकांना मानवतो. घर दुसऱ्या शहरात किंवा देशात असेल, किंवा नोकरीच अशी असेल की दिवसा फोन उचलता येत नाही, तर व्यवस्थापक घ्याच. घर जुनं असेल तर दुरुस्त्या जास्त निघणार, त्यामुळे अंतराचा हिशेब आणखी कडक धरा. विम्याबद्दल मात्र तिघांनाही एकच सांगणं: घर भाड्याने देताय हे विमा कंपनीला कळवा. स्वतः राहण्यासाठी घेतलेली पॉलिसी भाड्याच्या घराला लागू होईलच असं नाही, आणि घर बरेच दिवस रिकामं राहिलं तर अटी आणखी बदलू शकतात.

व्यवस्थापकाशी करार करताना शुल्क आलेल्या भाड्यावर आहे की ठरलेल्या भाड्यावर, हे विचारा. ठरलेल्या भाड्यावर असेल तर भाडं थकलं तरी त्याचे पैसे चालू राहतात. रिकाम्या काळाचं शुल्क, नवा भाडेकरू आणण्याचं आणि करार वाढवण्याचं वेगळं शुल्क, हे तिन्ही लेखी घ्या. भाडेकरार तुमच्या नावाने असावा. व्यवस्थापकाला काम सोडायचं असेल किंवा तुम्हाला त्याला सोडायचं असेल तर किती दिवसांची नोटीस, आणि त्या मुदतीत किल्ल्या, अनामत, भाडेकरूची कागदपत्रं आणि दुरुस्तीची बिलं कोणत्या दिवशी तुमच्या हातात येणार, हे तारखेसकट लिहून मगच सही करा.