रीपर सॉफ्टवेअर: एका पेटीवाल्याचा वर्षभराचा अनुभव

मी मिरजेचा, वय ६७. चाळीसेक वर्षं पेटी आणि नंतर कीबोर्ड वाजवतोय, भजनाची साथ, नाट्यगीतांच्या मैफली, लग्नातले ऑर्केस्ट्रा, सगळं केलं. पण ते सगळं दुसऱ्याच्या मागे वाजवणं. स्वतःची चाल म्हणाल तर १९९१ नंतर एकही पूर्ण झाली नव्हती. गेलं वर्षभर रीपर वापरतोय आणि एवढ्यात चार चाली पूर्ण झाल्या, म्हणून मुद्दाम लिहायला बसलो, माझ्या वयाच्या वाजवणाऱ्यांनी तरी हे नक्की वाचावं.

आधी व्यवहाराचं सांगतो. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, कॉकोस नावाच्या छोट्या कंपनीचं, आणि त्यामागचा जस्टिन फ्रँकल म्हणजे ज्याने विनॅम्प बनवला तोच (विनॅम्पवर आपण सगळ्यांनीच गाणी ऐकलीत). ६० दिवस फुकट चालतं आणि त्यात काहीही बंद ठेवलेलं नसतं. नंतर घरगुती वापराला, किंवा वर्षाची कमाई २० हजार डॉलरच्या आत असेल तर, लायसन्स ६० डॉलर, म्हणजे पाच हजाराच्या थोडं वर. ते एकदाच भरायचं, दर महिन्याला काही कापलं जात नाही. मी सातवी आवृत्ती चालू असताना घेतलं, ते आठवीच्या शेवटपर्यंत चालेल.

भाच्याने लॅपटॉपवर टाकून दिलं, म्हणाला मामा, बघा तरी एकदा. पहिला आठवडा फार वाईट गेला. कळ दाबली की सूर मागून यायचा, लयीत वाजवणाऱ्या माणसाला हे सहनच होत नाही, मला वाटलं हे आपल्यासाठी नाहीच. मग कळलं की बफर (आवाज बाहेर पडण्याआधी कॉम्प्युटर जेवढा साठवून धरतो तो) १०२४ वर होता, म्हणजे नुसता तेवढाच जवळजवळ २३ मिलिसेकंद उशीर. छोटा ऑडिओ इंटरफेस (आवाज कॉम्प्युटरमध्ये आत-बाहेर नेणारी डबी) घेतला, त्याचा आसिओ ड्रायव्हर, म्हणजे उशीर कमी करणारं जोड-सॉफ्टवेअर, टाकला, बफर १२८ वर आणला, तो उशीर ३ मिलिसेकंदाच्या आसपास आला आणि बोटाखाली सूर आला. नवीन माणसाने हे पहिल्याच दिवशी करून घ्यावं, बाकी सगळं नंतर.

माझ्याकडे जुना कॉर्ग एम१ कीबोर्ड आहे, १९८८ साली निघालेलं मॉडेल, मी सेकंडहँड घेतलेला. वाटलं होतं आता हा भंगारात जाणार. पण मिडी (कुठली कळ किती जोरात दाबली हे वाद्याने कॉम्प्युटरला कळवायची पद्धत) १९८३ पासून तीच, मागची पाच पिनांची वायर यूएसबीच्या केबलला जोडली आणि रीपरने पटकन ओळखला. त्या दिवशी मला झालेला आनंद सांगता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. वडिलांची एक छोटी कविता आहे, तिचा मुखडा आणि पहिलं कडवं मी १९९१ मध्ये कॅसेटवर गुणगुणून ठेवलेलं, ढोलकीला माझा मित्र होता. तो आता नाही. पुढे दोनदा शहरातल्या एका स्टुडिओत जाऊन ते पूर्ण करायचा प्रयत्न केला पण तिथे तासाचे पैसे, समोर घड्याळ, आणि घाई केली की मला दुसरं कडवं सुचायचंच नाही. मग ते तसंच राहिलं.

ती कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली तर सूर पेटीशी जुळेना. माझी पेटी तीच, काळी एक पट्टीतली चाल, आणि कॅसेट अर्धस्वराच्याही निम्म्याने वर बोलतेय. म्हणजे टेप जोरात पळत होती. रीपरमध्ये त्या तुकड्यावर एफ२ दाबलं, सूर न हलवता वेग बदलायची जी टिकमार्क असते ती काढून टाकली आणि रेट, म्हणजे वेग, ०.९७ केला. सूर आणि लय दोन्ही एकदम खाली बसले, आणि मित्राची ढोलकी जशी तो खरंच वाजवायचा तशी ऐकू आली. मी कितीतरी वेळ तेच ऐकत बसलो.

सुरुवातीला माझा आवाज येण्याआधी चार आवर्तनं नुसती ढोलकी आहे. तेवढीच मोकळी. ती कर्सर ठेवून एस दाबून कापली, समेवर बरोबर, आणि पुढच्या कडव्यांखाली लावली. मित्र लय थोडी थोडी चढवायचा, यंत्राच्या क्लिकला (मात्रा मोजणाऱ्या टिकटिकीला) ती बसणारच नाही, म्हणून तुकडे आपोआप मात्रेला चिकटवणारं वरचं लोहचुंबकाचं बटण बंद केलं आणि कानाने लावत गेलो. सांधा ऐकू येऊ नये म्हणून दोन तुकडे किंचित एकमेकांवर चढवले. दुसरं कडवं मला त्या ढोलकीवर सुचलं, रात्री, हेडफोन लावून, पेटीचे अकरा टेक केले आणि नववा ठेवला. अकराही एकाखाली एक राहतात, काही पुसलं जात नाही, त्यामुळे वाजवताना भीती नसते, आणि भीती गेली की हात वेगळं वाजवतो हे मी चाळीस वर्षांनी शिकलो.

गंधाराचं पण सांगायला हवं. कीबोर्डचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून येणाऱ्या गंधारापेक्षा १४ सेंटने (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढा असतो, खाली तानपुरा लावला की तो टोचतो. मिडीच्या खिडकीत खाली पिच बेंडची, म्हणजे सूर किंचित वर-खाली सरकवायची, पट्टी असते. बेंड दोन अर्धस्वरांचा असेल तर ८१९२ म्हणजे २०० सेंट, मग १४ सेंटला साधारण ५७३ येतात. प्रत्येक गंधाराखाली उणे ५७३ ठेवतो आणि पुढच्या सुराला परत शून्य. वेळ लागतो, आणि बेंड त्या चॅनलच्या सगळ्या सुरांना लागतो म्हणून एकेरी सुरावटीलाच चालतं. पण निवलेला गंधार ऐकला की कष्ट वसूल.

रूपकासाठी (सात मात्रांचा ताल) क्लिक लावताना पहिल्या मात्रेवर टण्ण वाजतं, आणि रूपकात समेलाच खाली असते, टाळी नसते. पॅटर्न बदलता येतो, मी पहिल्या तीन मात्रा साध्या ठेवून चौथी आणि सहावी जोराची केली, आता तीन-दोन-दोन बरोबर कळतं.

एक लक्षात ठेवा, याच्याबरोबर वाद्यांचे तयार आवाज येत नाहीत. तबला, तानपुरा, बासरी सगळं वेगळं मिळवावं लागतं किंवा खरं वाजवून रेकॉर्ड करावं लागतं. मला ते बरंच वाटतं, आमच्या गावात तानपुरे बनतात, घरी एक आहेच, माईक समोर ठेवला की झालं. पण ज्याला उघडल्या उघडल्या ऑर्केस्ट्रा हवाय त्याने दुसरं काही बघावं. मेनू सगळे इंग्रजीत आणि खूप आहेत, मी लागणाऱ्या दहा-बारा गोष्टी वहीत मराठीत लिहून ठेवल्यात, भाच्याला विचारायची वेळ आता क्वचित येते.

वडिलांच्या कवितेचं गाणं गेल्या महिन्यात पूर्ण झालं. मित्राच्या मुलाला नेऊन ऐकवलं, तो सुरुवातीची चार आवर्तनं परत परत मागे नेऊन ऐकत होता, मग म्हणाला काका, दुसऱ्या कडव्यात पेटी जरा कमी करा, बाबांची घुमकी झाकली जातेय. बरोबर होतं त्याचं. घरी येऊन पेटी दोन डेसिबल खाली घेतली.